गावची लक्ष्मी यात्रा, पोलिसांची नोटीस आणि १९५९ चा कायदा

मार्कंडेयकाठ | मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगाव तालुक्यातलं, नाव मुद्दाम देत नाही. नऊ वर्षांनी गावची महालक्ष्मी यात्रा आलीय. रथाची चाकं सुतारानं उतरवून ठेवलीत, घराघराला रंग चढूलाय, मुंबई-पुण्याच्या पोरांनी रजा टाकल्यात. अशात यात्रा कमिटीच्या अध्यक्षांच्या हातात पोलिसांनी एक कागद दिला. दोन पानी, सगळा कन्नडमध्ये. पोचपावतीवर सही घेतली आणि गेले. अध्यक्षांचं शिक्षण मराठी चौथी. शेवटी गल्लीतल्या कॉलेजच्या पोरीनं कागद वाचून दाखवला. त्यात असं की प्राणीबळी देणं १९५९ च्या कायद्यानं गुन्हा आहे, बळी दिला गेला तर कमिटीला जबाबदार धरू.

रात्री देवळात बैठक झाली आणि व्हायचं तेच झालं. एक म्हणतो आज्याच्या आज्यापासून देवीला बकरं आहे, सरकार कोण? दुसरा म्हणतो गप नारळ फोडूया. तिसरा म्हणतो मराठी गाव म्हणून मुद्दाम चाललंय. मी सेक्रेटरी, ठराव मला लिहायचा असतो. काय लिहू?

माझे प्रश्न साधे आहेत. देवळासमोर कापायचं नाही, का गावातच कापायचं नाही? शेतात कापून पावण्यांना वाढलं तर तो बळी का जेवण? आणि देवाच्या कामात सरकारनं कुठवर हात घालायचा? माहीतगारांनी सांगावं. शिवीगाळ नको, इथं माझी आत्तीपण वाचते.

खानापुरी वाघ | मंगळवार, रात्री ९:५८

सेक्रेटरी, सरळ लिहा, 'नोटीस फेटाळण्यात येत आहे'. कायदे सगळे आमच्याच देवांना. मिरवणुकीला डेसिबल, गणपतीला प्लास्टर, आता यात्रेला बकरं. ईदला हे पोलीस कुठं जातात ते बघायचं हाय मला.

काळा कोट | बुधवार, सकाळी ७:१५

वाघोबा, चहा घेऊन बसा, मोठं लिहितोय.

कायदा १९५९ चा. त्याच्या तीनच वर्षं आधी, १ नोव्हेंबर १९५६ ला, आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. तेव्हा आजच्या कुठल्या पक्षानं तुमच्या गावावर डोळा ठेवून तो आणला असं काही नाही. कायदा लहानसा आहे. सार्वजनिक पूजेच्या ठिकाणी आणि त्याच्या आवारात बळी द्यायचा नाही, तसंच सार्वजनिक रस्त्यावरच्या धार्मिक मिरवणुकीत किंवा जमावात द्यायचा नाही. मारणारा अडकतोच. पूजा सांगणारा, मदत करणारा आणि ज्याच्या ताब्यात देवस्थान आहे आणि ज्यानं माहीत असून होऊ दिलं, तेही अडकतात. कमिटीला कागद आला तो ह्या शेवटच्या माणसामुळं. उद्या 'आम्हाला ठाऊकच नव्हतं' म्हणता येऊ नये, म्हणून पोचपावती.

आता बळी म्हणजे काय? देवतेला प्रसन्न करण्याच्या हेतूनं जनावर मारणं किंवा जायबंदी करणं. हेतू हा शब्द धरून ठेवा. बकरं तेच, सुरी तीच, कापणारा मुलाणी तोच. देवळासमोर देवीचं नाव घेऊन कापलं तर गुन्हा, आपल्या मळ्यात पंगतीसाठी कापलं तर स्वयंपाक. मटण ह्या कायद्यानं बंद केलेलं नाही. मात्र सगळ्या गावची बकरी एकाच शेतात वाजतगाजत नेली, कपाळाला भंडारा लावला आणि मग 'हे जेवणासाठी होतं' म्हणून सांगितलं, तर कोर्टात तोंड सरळ ठेवणं अवघड जाईल.

केंद्राचा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, त्याचं कलम २८ घेऊन पण लोक माझ्याकडं येतात. एखाद्या समाजाच्या धर्माला लागतं त्या पद्धतीनं प्राणी मारणं ह्या कायद्याखाली गुन्हा नाही, असं ते म्हणतं. खरं 'ह्या कायद्याखाली' हे दोन शब्द मोबाईलवर कुणी वाचत नाही. राज्याचा कायदा वेगळा, आणि माझ्या मते २८ तिथं कामाला येत नाही. उलटा वाद करणारा वकीलही मिळेल तुम्हाला, फी जरा जास्त घेईल.

आणि रेडा विसराच. २०२० च्या कायद्यानं तेरा वर्षांखालचा रेडा कर्नाटकात ना देवासाठी मारता येतो ना पोटासाठी.

खानापुरी वाघ | बुधवार, सकाळी ७:३१

तेरा वर्षांचा रेडा शोधायला निघतो. ईदचं उत्तर राहिलं.

अत्तारगल्ली | बुधवार, सकाळी ८:०५

ते मी देतो, ह्या धाग्यावर मुसलमान बहुतेक मी एकटाच.

कुर्बानी मशिदीत होत नाही, वाघभाऊ. मशिदीत नमाज. जनावर घरी, अंगणात नाहीतर ठरलेल्या जागी. म्हणजे वकीलसाहेबांनी सांगितलेल्या जागेच्या अटीत ती येतच नाही. शहरात तर २००१ चे नियम आहेत, नगरपालिकेच्या हद्दीत परवान्याच्या कत्तलखान्याबाहेर कापायचं नाही. ईदच्या आधी आम्हालाही बैठकीला बोलावतात आणि तंबी देतात. चहा-बिस्किट असतं, तेवढा फरक.

आणि धर्मात हात घालण्याचं म्हणाल तर १९५८ साली हनीफ कुरेशीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं आमच्या ईदचाच निकाल लावला. एका माणसाला बकरं, किंवा सातजणांत मिळून गाय नाहीतर उंट, असा पर्याय धर्मातच आहे, सबब गायच हवी असं नाही, असं कोर्ट म्हणालं. १९९४ ला परत तेच. कोर्टानं आमच्या किताबाचा अर्थ आम्हाला सांगितला म्हणून माझे आजोबा मरेपर्यंत कुरकुरले. तेव्हा तुमचा राग मला परका नाही.

एक मात्र ऐका. आमच्या गावी लक्ष्मीच्या यात्रेत बकरी कापायला माझा चुलता जातो आणि मोहरमला पीर उचलायचा मान पाटलांच्या घराचा. बंदीनं चुलत्याची यात्रेतली कमाई जाणार, हे कुठल्या ठरावात येत नाही.

माळकरी | बुधवार, सकाळी १०:२०

रामकृष्णहरी. आमच्या घरात चार पिढ्यांची माळ आहे. यात्रेत आमच्या दारात पुरणपोळी असते आणि पावणे शेजारच्या दारात जाऊन जेवून येतात, ह्याचं वाईट वाटून घ्यायचं मी सोडलंय.

धर्मात कायदा नको म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हाही 'देवळाचं आमचं आम्ही बघू' म्हणणारे होतेच. त्याच वर्षी मुंबई सरकारचा मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. आपलं बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच. त्या कायद्याविरुद्ध आज कोण बोलतो? पुढं घटनेनं कलम २५ मध्ये तेच लिहून ठेवलं. आपला धर्म पाळायचा हक्क आहे, खरं सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. आणि समाजसुधारणेसाठी, हिंदूंची सार्वजनिक देवळं सगळ्यांना उघडी करण्यासाठी, सरकार कायदा करू शकतं.

वेशीकडचा | बुधवार, दुपारी १:४४

बुवा, मंदिरप्रवेशाचं नाव काढलात म्हणून लिहितो. नाहीतर ह्या विषयावर आमच्यातलं कुणी लिहीत नाही.

ह्या यात्रेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. लक्ष्मी वरच्या कुळातली. मातंगाचा पोर जात लपवून तिच्याशी लग्न करतो. संसार होतो, पोरं होतात, मग कळतं. ती रागानं घर पेटवते. नवऱ्याचा रेडा होतो आणि रेड्याचा बळी जातो. शेवटच्या दिवशी देवीला शिवेवर नेऊन झोपडी जाळतात ना, ते तेच घर. आता सांगा, गाव दर नऊ-दहा वर्षांनी नेमकं कुणाला मारत होतं?

माझ्या आज्याकडं रेड्याचं काम होतं. देवीला सोडलेला रेडा मोकाट फिरायचा, कुणाच्याही पिकात शिरला तरी हाकलायचं नाही. आज्जी सांगायची, त्याच्या अंगावर कुणी काठी टाकली नाही एवढी आपल्या पोरांवर टाकली. शेवटच्या दिवशी काम आज्याचं. त्याला 'मान' म्हणायचे. मानकरी देवळाची पायरी चढू शकत नव्हता, हे वेगळं.

माझ्या बापानं त्या मानाला नाही म्हटलं. गावानं बैठक बसवली. देवी कोपली, रोगराई आली तर तू जबाबदार, असं तोंडावर सांगितलं. बापाला वाचता येत नव्हतं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करायचा, तिथल्या सभेत कुणीतरी ह्या कायद्याचं सांगितलेलं त्याच्या लक्षात होतं. बैठकीत उभा राहून एवढंच म्हणाला, 'हे केलं तर मला जेल आहे, तुमच्यातला कोण येतो माझ्या बदली?' कोण येणार! पोलीस आले नाहीत, गुन्हा नोंदला नाही, कुठल्या रजिस्टरात काही नाही. त्या यात्रेपासून आमच्याकडं रेड्याच्या जागी कोहळा कापतात.

झोपडी मात्र अजून जळते. त्याला कायदा नाही.

खानापुरी वाघ | बुधवार, दुपारी २:१०

गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. ह्या बाजूनं कधी बघितली नव्हती. खरंच सांगूलोय.

शहापूरची सून | बुधवार, रात्री १०:३५

पुरुष मंडळींचं कलम-बिलम झालं असेल तर आता चुलीकडचं लिहिते. माहेर खेड्यातलं, गेल्या वर्षी तिथं यात्रा झाली.

भावाच्या घरात दोन दिवसांत तीनशेच्या वर पानं उठली. भावाची ओळख नसलेले लोक जेवून गेले, कुणाच्या तरी कंपनीतला कुणीतरी. चार बकरी, सहा सिलिंडर, पुरुषांच्या 'बाकीच्या सोयी'चा खर्च वेगळा. घराला रंग, पोरींना साड्या, जावयाला आहेर. सोसायटीचं कर्ज ऊस गेल्यावर फेडायचं ते राहिलं, वर वहिनीच्या पाटल्या गहाण पडल्या. वहिनी पहाटे तीनला उठलेली, तिनं देवीचं दर्शन घेतलं ते अकराव्या दिवशी, देवी गदगेवरून, म्हणजे यात्रेतल्या आसनावरून, उठायच्या वेळेला.

ह्यातलं काही १९५९ च्या कायद्यात नाही आणि असायला नकोही. सरकार माझ्या वहिनीच्या चुलीपर्यंत यावं असं मी म्हणत नाही. खरं गावाला नोटीस आली की सगळे धर्मावर बोलतात. पाटल्या गेल्या तेव्हा धर्म कुणाला आठवला नाही. बकरं देवळापुढं कापलं काय नि मळ्यात कापलं काय, वाटण त्याच दोन हातांनी करायचं असतं. सेक्रेटरी, ठरावात हे घाला बघू.

चंदगडी | गुरुवार, सकाळी ६:५०

आम्ही तुमच्या शेजारी, फक्त पाटी बदलते. आमची आणि तुमची भावकी एक, देवी एक, कायदे दोन. महाराष्ट्रात प्राणीबळीचा असा वेगळा कायदा नाही. म्हणून रान मोकळं समजू नका. विशाळगडाचं घ्या. गडावरच्या पशुबळीला पुरातत्त्व खात्यानं २०२३ ला बंदी घातली, ती हायकोर्टाच्या १९९८ च्या आदेशावर बोट ठेवून. प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि २०२४ मध्ये ईद नि उरुसासाठी परवानगी मिळाली ती बंदिस्त, खासगी जागेत, उघड्यावर नाही. तुमच्या आमदारांनी १९५९ ला लिहिलं आणि आमच्या कोर्टानं आता सांगितलं, फिरून गोष्ट जागेवरच आली. तेवढ्यासाठी सीमा ओलांडून यात्रा करायचा बेत कुणाचा असेल तर सोडा. (आमच्या गल्लीत एकानं खरंच सुचवलंय.)

हुक्केरीचा बसू | गुरुवार, सकाळी ९:१२

मी कन्नड माणूस, मराठी शाळेतल्या मित्रांमुळं शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या गावात द्यामव्वा-दुर्गव्वाची जत्रा असते. आम्हाला पण हीच नोटीस आली होती, हेच दोन पान. आमचे हिरे मंडळी, म्हणजे वडीलधारे, म्हणाले, हे बेंगळूरवाले आमच्या गावच्या देवाला खेडवळ समजतात म्हणून मुद्दाम करतात. तुम्ही म्हणता मराठी म्हणून करतात. आमच्यात मठाचे स्वामीजी सांगतात बळी नको, बसवण्णांनी दयेला धर्म म्हटलं, आणि जत्रेत सगळे मान डोलावून घरी जाऊन बकरं सोलतात. एवढंच सांगायचं होतं, ह्या बाबतीत आपण सख्खे भाऊ.

मार्कंडेयकाठ | गुरुवार, सकाळी ९:३०

बसू, तुमचं लिहिणं रात्रीच्या बैठकीत वाचून दाखवतो. परवानगी गृहीत धरली.

कॅम्पातला रिटायर्ड | गुरुवार, सकाळी ११:००

नोटिशीचा विषय जुळला म्हणजे भाषेचा सुटला असं नाही. ज्याच्यावर गुन्हा लागणार त्याला कळणाऱ्या भाषेत कागद नको? जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हे साठच्या दशकापासून ठरलेलं आहे. त्याची आठवण करून देण्यात आमची अर्धी हयात गेली. मिळत नाही ते मिळत नाही. मात्र उलट बाजूनं एक हक्क पक्का आहे. घटनेचं कलम ३५०. गाऱ्हाणं मांडताना राज्यात चालणाऱ्या कुठल्याही भाषेत अर्ज देता येतो. उत्तर मराठीत लिहा, कन्नड प्रत सोबत जोडा, आणि तुम्हीही पोचपावती घ्या. सही, शिक्का, तारीख.

निपाणीची | गुरुवार, दुपारी ३:२५

कायदा झाला की काम झालं असं मानणाऱ्यांनी सौंदत्तीकडं बघावं. यल्लम्माला मुली सोडण्याविरुद्ध मुंबई प्रांताचा कायदा १९३४ चा, कर्नाटकाचा १९८२ चा. मधली पन्नास वर्षं कायदा कपाटात आणि पोरी डोंगरावर. फरक पडायला लागला तो निपाणी-गडहिंग्लज पट्ट्यात सत्तरच्या दशकापासून ह्याच बायका परिषदांना, मोर्च्यांना यायला लागल्यावर. जट सोडवायला बसलं की एकेका बाईपाशी दुपार जायची, हातात तेल आणि कात्री, आणि ती रडत असायची की आता देवी कोपणार.

आणि धोरण कसं फसतं तेही तिथंच दिसतं. सरकारनं १९९३-९४ ला आणि २००७-०८ ला देवदासींचे सर्व्हे केले. यादीत नाव तर पेन्शन. जिचं नाव सुटलं तिनं आपण देवदासी आहोत हे कसं सिद्ध करायचं? १९८२ नंतर सोडलेली असेल तर सोडणाऱ्या आईबापानं गुन्हा केलाय असं आधी सांगायचं. कुठली मुलगी सांगेल?

वेशीकडच्या दादांनी बापाचं लिहिलं ते वाचून हे आठवलं. त्यांनाही नोटीस कुणी दिली नव्हती.

खानापुरी वाघ | गुरुवार, दुपारी ४:०२

मान्य. तरी एक गाठ सुटत नाही वकीलसाहेब. कुठली प्रथा धर्माला 'आवश्यक' हे कोर्ट ठरवणार. आमची देवी पोथीतली नाही, तिचा ग्रंथ नाही, भटजी नाही. मग कोर्टात आमच्या बाजूनं दाखवायला काय आहे? पोथीवाल्यांची प्रथा टिकणार आणि बिनपोथीच्या देवाची जाणार?

काळा कोट | गुरुवार, रात्री ११:२०

आख्ख्या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न वाघानं विचारला, हे मला लिहावं लागतंय.

१९५४ च्या शिरूर मठाच्या निकालात कोर्ट म्हणालं होतं की धर्माचा आवश्यक भाग कुठला हे त्या धर्माच्याच शिकवणीवरून ठरवायचं. पुढं कोर्ट स्वतःच ग्रंथ उघडून बसायला लागलं. ग्रंथ असेल तर उघडता येतो. गावदेवीच्या बाबतीत पुरावा म्हणजे म्हातारी माणसं आणि वहिवाट, आणि वहिवाट दर पिढीला बदललेली असते. रेड्याचा कोहळा झाला तेव्हाच विरुद्ध बाजूचा वकील विचारणार, मग बकऱ्याचा नारळ का नाही? तुमचा आक्षेप बरोबर आहे, ही कसोटी पोथी नसलेल्यांना जड जाते. त्यातून लोक 'आमचं अडाणी म्हणून हाणताय' असं म्हणतात आणि ते सगळंच खोटं नसतं.

आणि सरकारं तरी कुठं ठाम असतात? तमिळनाडूत १९५० चा बळीबंदी कायदा होता. वर्षानुवर्षं कुणी विचारलं नाही. २००३ मध्ये सरकारनं एकदम कडक अंमल सुरू केला, गावदेवांचे भक्त खवळले आणि २००४ मध्ये त्याच सरकारनं कायदाच रद्द केला. म्हणून कायदा चुकीचा वाटतो त्यांनी आमदाराकडं जावं, बेळगावात सुवर्णसौधात अधिवेशन भरतंच. यात्रेदिवशी हवालदाराशी हुज्जत घालून काही होत नाही, त्याच्याही गावात यात्रा असते.

व्यवस्थापक | शुक्रवार, सकाळी ८:००

दोन प्रतिसाद काढलेत. एक धर्मावरून, एक अत्तारगल्ली यांना उद्देशून. दोन्ही नवीन आयडी. बाकी धागा उत्तम चाललाय.

मार्कंडेयकाठ | रविवार, रात्री ११:५५

बैठक झाली, आत्ताच आलोय. साडेतीन तास.

ठरलं ते असं. देवळाच्या आवारात आणि रथाच्या वाटेवर बकरं नाही, कोंबडंही नाही, कोहळा आणि नारळ. हे कमिटीनं स्वतः ठरवलं म्हणून लिहिलंय, नोटिशीचा उल्लेख खाली वेगळ्या परिच्छेदात. मुद्दाम. म्हाताऱ्यांचं म्हणणं, सरकार सांगतं म्हणून नको, आपलं आपण म्हणून हवं. ज्याच्या त्याच्या मळ्यात जो तो काय शिजवतो त्यात कमिटी पडणार नाही. एकत्र नेणं, वाजवणं, भंडारा लावणं नाही.

शहापूरच्या ताईंचा मजकूर वाचला तेव्हा बायकांच्या बाजूनं, दाराजवळून, पहिल्यांदा आवाज आला. सुचवलं गेलं की पावण्यांचं जेवण एकच दिवस ठेवावं. पुरुषांत चुळबुळ. मताला टाकायला अध्यक्ष घाबरले, 'पुढच्या बैठकीत' म्हणाले. बायकांनी सांगितलं, पुढच्या बैठकीला आम्ही आत बसणार. ठरावात ते वाक्य मी शब्दशः घातलंय.

झोपडीचा विषय काढला. शांतता पसरली. एक मानकरी उठून गेले. पुढं काही झालं नाही, खोटं लिहीत नाही.

उत्तर मराठीत लिहिलं, कन्नड प्रत कॉलेजच्या त्या पोरीनं केली. उद्या सकाळी द्यायला मी आणि ती जाणार.

कॅम्पातला रिटायर्ड | सोमवार, सकाळी ७:१०

शिक्का मराठी प्रतीवरच मागा. कन्नड प्रतीवर मारून देतील, घेऊ नका.

मार्कंडेयकाठ | सोमवार, दुपारी १२:४०

कन्नड प्रतीवरच मारून देत होते. तासभर बसलो. मराठीवर मिळाला, जरा पुसट आहे.

वेशीकडचा | सोमवार, दुपारी १२:५२

यात्रा कधी आहे? येतो मी.